पाय कोण बघतंय?

या सगळ्या प्रकरणातून मला मिळणार काय होतं, ते आधी सांगतो. म्हणजे माझा लोभ केवढा होता याचा अंदाज येईल. मला मिळणार होतं भिंतीवरच्या एका भोकाला झाकण. दीड फूट उंच, फूटभर रुंद. बस्स. एवढ्यासाठी मी दोन दिवसांची रजा, एक रविवार, घरमालकाचा स्नेह आणि बायकोपुढची उरलीसुरली अब्रू पणाला लावली. आमच्या अडत दुकानात असला सौदा कुणी केला असता तर त्याला दुसऱ्या दिवशी हळदीच्या पोत्यावरही कुणी बसू दिलं नसतं. आणि मी तर तिथला दिवाणजी.

गोष्ट पंच्याहत्तर सालच्या फेब्रुवारीतली, सांगलीची. आमच्याकडं एक भिंतीवरचं घड्याळ होतं. घड्याळ सासरचं, त्यामुळं ते कुठं लावायचं हे ठरवायला शालनला, म्हणजे आमच्या सौभाग्यवतींना, आठ महिने लागले. लावायला मला पाच मिनिटं लागणार होती. पहिला खिळा वाकला. दुसरा आत गेला तो गेलाच. तिसऱ्याला मी जरा जोर दिला, आणि ताटाएवढा पोपडा सुटून माझ्या पायावर पडला. आतनं पांढरी माती धारेनं सांडायला लागली.

खालनं आवाज आला, "काय पडलं वं, बाळासो?"

घरमालक महावीरआण्णा चौगुले खाली राहत. माणूस सज्जन, पण भिंतीच्या बाबतीत हळवा. जिना चढताना त्यांच्या चपला वाजल्या, तशी शालन भोकाला पाठ लावून उभी राहिली. लग्न झाल्यापासून इतक्या निमूटपणे एका जागी ती कधी उभी राहिली नव्हती.

"खिळा ठोकत होतो," मी म्हणालो. "वडिलांचा फोटो लावीन म्हणतोय."

"लावा की! वाडवडिलांचा फोटो पायजेच घरात. कुठं हाय फोटो?"

आता आली पंचाईत. थाप मारताना माणसानं निदान घरात असलेल्या वस्तूची मारावी.

आण्णा गेल्यावर आम्ही वडिलांची पत्र्याची ट्रंक उपसली. रजया, एक तांब्याचं पळी-पंचपात्र, कुणाच्या तरी बारशाची कुंची, आणि तळाला वर्तमानपत्रात गुंडाळलेला जाड पुठ्ठ्यावर चिकटवलेला फोटो. पाच तरणे गडी ओळीनं उभे. पाचांना सारखेच फेटे, सारखेच कोट. मागं पडद्यावर रंगवलेला तलाव आणि त्यात दोन हंस. पाय मात्र दहाच्या दहा अनवाणी, कारण खाली फोटोवाल्याचा गालिचा होता. मागं जांभळ्या पेन्सिलीनं लिहिलेलं, 'सातारा, सन १९३६.' नावं नव्हती. ज्यांनी फोटो काढला ते एकमेकांना ओळखत होते. आमची सोय बघायचं त्यांना काय पडलं होतं?

डावीकडून दुसरे माझे वडील. ते मी माझ्या कानांवरून ओळखले. उरलेल्या चौघांत एक नाथाजीकाका असणार, कारण वडील नेहमी म्हणायचे, "नाथाजीचा तेवढा एकच फोटो हाय, आमच्या पाचजणांतला." नाथाजीकाका हे वडिलांचे धाकटे भाऊ. पलटणीत होते. चव्वेचाळीस साली इटलीकडं लढाईत गेले. त्यांच्यामागं एक पितळी बिल्ला आणि लीलाबाईकाकी एवढंच उरलं. बाकीचे तिघं काकांचे दोस्त. पण काका कुठले आणि दोस्त कुठले?

"हे शेवटचं," शालन म्हणाली. "रुबाबदार हायेत बघा."

आमच्या घराण्यात रुबाब असता तर तो माझ्यापर्यंत आला असता, असं मला सुचलं. मला पहिला वाटत होता. पहिला, तिसरा आणि पाचवा, तिघांचीही तोंडं स्वच्छ आली होती. चौथा हललेला. खांद्यावर नुसता एक पांढरट फराटा आणि वर फेटा. त्याला आम्ही हिशेबातच धरलं नाही.

फोटो घेऊन मी खाली गेलो. महावीरआण्णांच्या सोप्यात त्यांचं सर्टिफिकेट टांगलेलं असे. एकसष्ट सालच्या गूळ प्रदर्शनात त्यांच्या ढेपेला उत्तेजनार्थ बक्षीस मिळालं होतं, त्याचं. येणाऱ्याजाणाऱ्याला त्याच्याखालीच बसवायचा आण्णांचा शिरस्ता होता. नेमकं त्याच आठवड्यात त्यांनी त्याला मोठी, सोनेरी काठाची नवी फ्रेम करायला टाकली होती.

"जुनी फ्रेम पडून हाय. ती घ्या तुमी," आण्णा म्हणाले. दानशूर माणूस! स्वतःच्याच भिंतीचं भोक झाकायला स्वतःची फ्रेम देत होता. मी ती कृतज्ञतेनं घेतली. फोटो वर ठेवून पाहिला, तर खालून दोन बोटं जास्त.

"मग त्यात काय? दोन बोटं खालनं मारायची."

"अहो, पाय जातील."

"पाय कोण बघतंय, बाळासो? मानसाचं तोंड बघत्यात."

दोघं मिळून फ्रेमवाल्याकडं गेलो. त्यानं पट्टी लावली, पातं ओढलं आणि चहा यायच्या आत पाचही जणांना घोट्यातून मोकळं केलं. संध्याकाळी फोटो भिंतीवर चढला. भोक असं झाकलं गेलं की जणू भिंत बांधतानाच तिथं फोटोची जागा सोडली होती. गोष्ट इथंच संपायला काही हरकत नव्हती.

पण फोटो ही वस्तू अशी, की लोक त्याखाली बसतात आणि विचारतात. आमचे कोंडीबामामा आले, चष्मा कपाळावर सारून म्हणाले, "नाथाजी म्हंजे हा मधला. माझ्या खांद्याला खांदा लावून कुस्ती केलीया त्येनं." दुधवाल्यानं पहिल्याकडं बोट दाखवलं. दुधवाल्याचा जन्म अठ्ठेचाळीसचा. खालच्या गुणमालाकाकूंनी, म्हणजे आण्णांच्या सौभाग्यवतींनी, पाचवा ठरवला, कारण त्याच्या डोळ्यांत म्हणे मरणाची छाया होती. चौथ्याबद्दल कुणीच काही बोललं नाही. तोंड नसलेल्या माणसाशी नातं लावायला कुणाला सवड होती?

आणि कोंडीबामामा गावोगाव फिरणारा माणूस. आठ दिवसांत केरबाचं कार्ड आलं. केरबा हा काकीचा भाचा. कऱ्हाडजवळच्या मलकापूरच्या पुढं त्याचं गाव, आणि काकी त्याच्याकडंच राहत. त्यानं लिहिलं होतं : 'आत्याचा एक डोळा गेला हाय. दुसऱ्याचा मोतीबिंदू येत्या सोमवारी मिरजेला काढायचा. डागदर म्हनतो बरं हुईल. आत्या म्हनती, त्येचं त्येच्यापाशी. मामांचा फोटू घावला म्हनं. डोळा कापायच्या आदी यकदा मामांचं तोंड बगू द्या. मग डोळा राहिला काय आन् गेला काय.'

कार्ड शालननं वाचलं. तिनं फोटो भिंतीवरून उतरवला, चादरीत गुंडाळला आणि बांगड्या मागं सारून म्हणाली, "चला." भोकावर तिनं कॅलेंडर अडकवलं; ते भोकापेक्षा लहान होतं.

शुक्रवारी आम्ही कऱ्हाडची एस्टी धरली. कंडक्टरनं गाठोडं चाचपलं.

"काच हाय काय? टपावर टाका."

"टपावर नको. माझे काका आहेत," मी म्हणालो.

"मग त्येंचं तिकीट काढा."

गाडी हसली. एकानं चादर सोडवली, फोटो मागच्या बाकापर्यंत फिरला. "ह्यातलं काका कुठलं वं?" या प्रश्नावर मी खिडकीबाहेर बघितलं. स्वतःचा काका ओळखू न येणाऱ्या माणसाकडं एस्टी ज्या नजरेनं बघते, ती नजर तुम्ही अनुभवलेली नाही. इस्लामपूरला एक पेन्शनर सुभेदार चढले. त्यांनी ताठ बसून फोटो न्याहाळला आणि पहिल्याला सलामी दिली. "जवान वळखाय येतो. छाती बगा." हा म्हणे त्यांच्याच कंपनीत होता. नाव विचारलं तर म्हणाले, "नाव कशाला पायजे? छाती ध्यानात हाय."

काकी दारातच बसून होत्या. फोटो यायचा म्हणून डोकं धुतलेलं, लुगडं धुवट. एक डोळा पांढरा, दुसऱ्याला जवळ धरलं तर दिसायचं. त्यांनी फ्रेम पदरानं पुसली, नाकाशी नेली आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत सावकाश फिरवली. मग त्यांनी ती परत या टोकाला आणली.

"ह्यातलं कुठलं रं, बाळ्या?"

"ते तुम्हीच सांगायचं, काकी!"

"मला काय ठावं?"

"म्हणजे?"

"आरं, मी त्येंचं तोंड कवा बगितलंय?"

केरबा खाली बसला. काकी अगदी सरळ बोलत होत्या, विहिरीला पाणी किती आहे हे सांगावं तसं. "लगीन झालं तवा मी तेरा वर्साची. आठव्या दिशी हे पलटणीत. तीन डाव रजंवर आलं. दिवसाढवळ्या घरात सासू, सासरं, दीर. मान वर केली की सासू म्हनायची, आभाळ पडाय लागलंय व्हय? आन् रातीला राकेल जाळाय आमी काय संस्थानिक हुतो? आता म्हनलं, सासू न्हाई, सासरं न्हाई. आता बगायला कुनाची चोरी? तर हितं पाचजन!"

मी मनात बेरीज केली; सवयच ती. तीन रजा महिन्यामहिन्याच्या, वर लग्नाचे आठ दिवस. शंभराच्या आत संसार.

"पाय दाव," काकी एकदम म्हणाल्या.

"पाय?"

"पाय लाखात वळखंन मी त्येंचं. रोज पाया पडायची, भाईरनं आलं की पायावर पानी घालायची. डाव्या पायाचं दुसरं बोट अंगठ्यावर चढून बसल्यालं. हितं खाली पाय कुठं गेलं?"

शालन छपराकडं बघायला लागली. मी म्हणालो, "कापले."

"कुनी?"

"आम्ही. फ्रेममध्ये बसत नव्हते."

काकींनी फ्रेम मांडीवर ठेवली. "जर्मनानं जीव घेतला, बाबा. पाय तेवढं ऱ्हायलं हुतं, ते तू घेतलंस."

त्या रागानं बोलल्या असत्या तर परवडलं असतं.

शनिवारी केरबाच्या सांगण्यावरून मी साताऱ्याला गेलो. जुन्या पलटणीतल्या लोकांची कागदपत्रं एका कचेरीत मिळतात, त्यात फोटो असेल, असा त्याचा तर्क. कारकून चांगला होता. त्यानं बसायला सांगितलं. म्हणाला, "मिळेल की. अर्ज करा. तीन प्रतींत."

मी तीन प्रती लिहिल्या. अक्षराबद्दल त्यानं कौतुकही केलं.

"आता ह्याच्यासोबत मयताचा फोटो जोडा."

"फोटोच तर पाहिजे आहे."

"व्हय, पण फोटो कुणाचा पाहिजे ते आमाला कसं कळावं? ओळख पटाय नको?" मग त्याला माझी दया आली असावी. त्यानं माझ्याकडचा फोटो बघायला मागितला, दोन मिनिटं विचार केला आणि पाचव्यावर पेन टेकवलं. "हा धरून चाला. आमच्या साहेबांसारखा दिसतोय."

परत येईपर्यंत मला एक गोष्ट स्वच्छ दिसत होती. सोमवारी सकाळी काकी मिरजेला आडव्या होणार, आणि त्याआधी मला पाचजणांचे दहा पाय शोधून काढायचे होते. रविवारी काकींना घेऊनच आम्ही सांगलीला आलो. त्यांना वर बसवलं आणि मी धावत फ्रेमवाल्याचं घर गाठलं. तो जेवत होता.

"पट्टी? एवढा जाड पुठ्ठा, टाकतोय व्हय कोण? चौगुल्यांच्या सर्टिफिकेटाची नवी फ्रेम सैल झालती. सर्टिफिकेटाला मागनं खळ लावून बसवून दिली पट्टी. हलणार न्हाई आता शंभर वर्सं."

मी महावीरआण्णांपुढं जाऊन उभा राहिलो. ते सर्टिफिकेटाखाली बसले होते. मी शक्य तितक्या सौम्यपणे सांगितलं की आमच्या काकांचे पाय आपल्या गुळाच्या मागं आहेत.

आण्णांचं तोंड उतरलं. "फ्रेम उघडायची म्हनताय? सर्टिफिकेट चौदा वर्सांचं हाय, बाळासो. कागुद नाजूक. खळीनं चिकटलंय म्हंजे..."

"आण्णा, उद्या सकाळी ऑपरेशन आहे."

"ते हाय. पर एकच सर्टिफिकेट हाय वं माझ्यापाशी."

सज्जन माणसाची पंचाईत होते ती अशी. नाही म्हणवत नव्हतं आणि हो म्हणताना घास अडकत होता. तेवढ्यात आतून गुणमालाकाकू हात पुसत बाहेर आल्या. "काय चाललंय? ती बिचारी वर बसलीया, आन् तुमी कागुद धरून बसलाय? आवं, उत्तेजनार्थ तर हाय!"

चौदा वर्षं त्या घरात तो शब्द कुणी उच्चारला नव्हता. आण्णा उठले. स्वतः स्टुलावर चढले, स्वतः फ्रेम काढली, चिमट्यानं एकेक बारीक खिळा उपसला. पट्टी ओलसर फडक्यानं भिजवून त्यांनी इतक्या हळुवारपणे सोडवली की मला बघवेना. तरी व्हायचं ते झालं. पट्टीबरोबर कागदाचा एक तुकडा आला, आणि त्यावर नेमकं 'श्री. महावीर' होतं. मागं सर्टिफिकेटात उरले नुसते चौगुले. चौगुल्यांची गल्लीत तीस घरं आहेत.

पट्टी घेऊन आण्णा स्वतःच वर आले. काकी भिंतीला टेकून बसल्या होत्या. आणि त्यांच्या बरोबर डोक्यावर, कॅलेंडरच्या चारी बाजूंनी, भोक. आण्णांनी भोकाकडं बघितलं. मग काकींच्या शेजारी ठेवलेल्या आपल्या जुन्या फ्रेमकडं बघितलं. मग माझ्याकडं. मी जमिनीकडं. बोलले असते, पण काकींनी हात पुढं केला होता, आणि त्यांनी मुकाट्यानं पट्टी त्या हातात ठेवली.

मी फ्रेम उकलून फोटो काकींच्या मांडीवर ठेवला, पट्टी खाली जुळवली. एकोणचाळीस वर्षांपूर्वीचे पाचजण पंधरा दिवसांच्या रजेनंतर पुन्हा आपल्या पायांवर उभे राहिले. काकी वाकल्या, डोळा पार कागदाला लावला, एकेक जोडी बघत निघाल्या. पहिली. दुसरी. तिसरी. चौथ्या जोडीवर थांबल्या.

"हे बगा की," त्या हसल्या. "बोट बगा. कसं चढून बसलंय रेड्यावानी."

आम्ही सगळे वाकलो. डाव्या पायाचं दुसरं बोट अंगठ्यावर. शंका नको. काकींचं बोट त्या पायावरून वर निघालं. घोटा, धोतर, कोटाची बटणं. तिथून फेट्याखाली आलं आणि घुटमळलं.

"बाळ्या, डोळ्याला पानी आलंय का रं माझ्या? तोंड दिसंना."

मी शालनकडं बघितलं. तिनं तोंडाला पदर लावला होता. ते मलाच सांगावं लागलं. "डोळ्याचं नाही, काकी. फोटोतच नाही आलं. काका हलले."

काकींनी बोट त्या फराट्यावर टेकवलं. खाली रस्त्यावर कुणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं.

"कुठल्या अंगाला हाललं?"

फराटा मी नीट न्याहाळला. "उजवीकडं."

"तिकडं दार हुतं," काकी म्हणाल्या. "मी हुते की तवा. साताऱ्याला यवतेश्वराचा नवस फेडाय समदीच गेलतो. ह्या पाचांनी फोटूचा हट्ट धरला. गालिच्यापायी वहाना काडाय लावल्या आन् कुत्रं न्हेईल म्हनून राखाय मला दारात बसवली. पाच जोड मांडीवर घिऊन मी खाली मान घालून. फोटूवाला वरडला, हलू नगा. आन् सासरं बोंबललं, नाथ्या, तिकडं काय बगतुयास रं? समदी हासली. मी मान वर केली न्हाई. मला वाटलं, वहाना हायेत का न्हाईत ते बगत्यात."

"वहाना?" गुणमालाकाकू म्हणाल्या. "आक्का, एवढं वळून बघाय त्या वहाना काय सोन्याच्या हुत्या व्हय?"

काकींनी डोळ्यांवरून पदर पुढं ओढला. अठ्ठावन्न वर्षांची बाई लाजली, आणि आम्ही उगाच इकडंतिकडं बघायला लागलो. पदराआडून आवाज आला, "मी बी यडीच. यवढी एकोणचाळीस वर्सं वहानंवरच खपवली."

सोमवारी ऑपरेशन झालं, डोळा वाचला. दीड महिन्यानं जाड भिंगांचा चष्मा आला तेव्हा काकींनी फोटो पुन्हा मागवला आणि उजेडात धरून बसल्या. तोंड दिसणार नव्हतंच. त्या बघत होत्या तो फराटा कुठून निघून कुठं गेला ते.

आता कुणी काय दिलं ते मांडतो आणि मिटवतो. फ्रेमवाल्यानं काहीच दिलं नाही. असले लोक देत नसतात. मी दोन दिवसांची रजा आणि थोडी अब्रू दिली. शालननं घड्याळाची जागा दिली. ते अजून कपाटात आहे. महावीरआण्णांनी भिंत दिली आणि वर स्वतःचं नाव दिलं, आणि गिलावा करून घेतल्यावर एकदाही तो विषय काढला नाही. त्यांना मी या हिशेबात फार वर धरतो. पण ही सगळी किरकोळ रक्कम. त्या दिवशी साताऱ्यात फोटोवाल्यानं हलू नका म्हटल्यावर चौघं समोर बघत राहिले, त्यांचे चेहरे शाबूत राहिले. नाथाजीकाकांनी एकदा दाराकडं बघितलं, आणि त्या एका बघण्यापायी सगळा चेहरा देऊन टाकला.